हाताने फिरवायची लेन्स

पोखर्णीच्या लग्नात माझ्या धाकट्या दिराने पुन्हा तोच विषय काढला. आम्ही दोघं मिळून लग्नांचे फोटो काढतो. "वहिनी, ती जुनी लेन्स ठिवून द्या आता. माही बगा, आपोआप फोकस करती," तो म्हणाला. दोन्ही लेन्स पन्नास मिलिमीटरच्या, दोन्ही कमी उजेडात चालणाऱ्या. फरक एवढाच, की माझ्या लेन्सचा फोकस रिंग फिरवून हाताने लावावा लागतो.

नवरी अंधाऱ्या खोलीत, खिडकीपाशी बसली होती. दिराची लेन्स घरघर करत मागंपुढं झाली आणि दर वेळी मुंडावळ्यांवरच थांबली. डोळे धूसरच राहिले. मी श्वास रोखला, रिंग केसभर फिरवली आणि पापण्या स्पष्ट दिसल्या तसं बटण दाबलं.

अक्षता पडताना मात्र माझी फजिती झाली. मी रिंग फिरवेपर्यंत माणसं हललेली असायची. माझे बहुतेक फोटो वाया गेले, त्याचे सगळे छान आले. घरी कॉम्प्युटरवर बघताना तो हसला. "आता तरी पटलं का?"

"न्हाई पटलं, भाऊजी. अक्षता तुमी टिपा. नवरीचा चेहरा मी सोडणार न्हाई."

पुढच्या लग्नाला गंगाखेडला निघालो. वाटेत बॅग उघडली, तर माझी लेन्स नव्हती. दिराला विचारलं, तर ती मुद्दाम घरी कपाटात ठेवल्याचं त्याने सांगितलं. मी गाडी परत फिरवायला लावली.

"वहिनी, लय उशीर होईल!"

"होऊ द्या."

लेन्स घेऊनच मी गंगाखेडला गेले.