बबनच्या गाडीचे रुंद टायर

मंडळी, खोटं कशाला बोलू, आज माझा नुसता जळफळाट झाला. आमच्या गावात नवरदेव नेहमी माझ्याच गाडीतून जायचा. यंदा चुलतभाऊ बबनने आपल्या तशाच गाडीला रुंद टायर बसवले आणि पुतण्याने लग्नाला तीच निवडली.

सकाळी मीही शहापूरला रुंद टायर घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, दाराच्या कडेला साइज लिहिलीय, तीच घ्या. रुंद टायर वळणावर आत घासतील." मला धास्ती वाटली. त्याच साइजचे घेतले.

दुपारी फुलांचा हार बबनच्या गाडीला लागला. म्हातारी आत्या मात्र माझ्या गाडीत शिरली. "त्याची गाडी वळणावर खरखरते रे. मी नाय बसायची तिच्यात."

आत्या शेजारी बसली, तरी लग्नाच्या मांडवापर्यंत, मुरबाडपर्यंत, माझी नजर पुढच्या बबनच्या गाडीवरल्या हारावरच. तुमचंही असं होतं का?