खिडकीबाहेरची छपरी

आमच्या चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून एक छपरी आहे. वर टिनं, खाली फरशी, आणि भिंतीत, खाली बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशी खुजी खिडकी. खिडकीला उभे गज आहेत, त्यातला मधला कापलेला आहे. तो का कापला हे मंडळीत कोणालाही विचारा. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सांगतात की कबुतर अडकलं होतं. जाऊ म्हणते चोर शिरायला पाहत होता. गज हातासाठी कापला होता. आतला हात बाहेर जावा आणि बाहेरच्याला आत यावं लागू नये म्हणून.

मागच्या वर्षी चर्चचं काम निघालं. करायलाच हवं होतं. छपरावरचे कवेलू सरकून ठिकठिकाणी पाणी गळत होतं, ते पेलणाऱ्या सागवानाच्या मयालीला उधई लागून ती पोखरली होती, आणि कोण्या काळी कोणीतरी सगळ्या काळ्या दगडाला गुलाबी ऑइलपेंट फासला होता. भासरे कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी अमरावतीहून इंजिनियर आणला. तो म्हणाला, सिमेंट लावाल तर भिंत आतून सडेल, चुन्यानेच करावं लागेल. मग आवारात चुना भिजत पडला, भिंतीवर चढायला बांबूचे पाळणे बांधले गेले, आणि मजूर गुलाबी रंग खरवडू लागले. खालून दगड निघायचा तो निळसर काळा, पाऊस पडून गेल्यावर वावर दिसतं तसा. मला ते पाहायला आवडायचं. ते आवडतं याचाच मला राग यायचा.

एका रविवारी उपासनेनंतर इंजिनियरने जुना फोटो आणला. गोऱ्या पाळकाच्या काळचा. सगळे त्याच्यावर वाकले. मी किटली घेऊन चहा ओतत होते. फोटोत छपरी नव्हती.

"ही नंतर जोडलेली आहे," इंजिनियर म्हणाला. "मूळ इमारतीत नाही. काढली तर ही बाजू मोकळी होईल, दगड दिसेल."

"काढून टाका साहेब," भासरे म्हणाले. "तिथं कुत्र्यायशिवाय कोणी बसत नाही. फरशी टाकून देऊ, गाड्या उभ्या राहतीन."

पाळक नवीन आहेत, अकोल्याकडचे, अजून तिशीचेही नसतील. बोलणं गोड. ते म्हणाले, "आणि ती खिडकी बुजवून तिथे संगमरवर लावू, देणगीदारांच्या नावांचा. तो भेदभावाचा काळ होता. आता प्रभूमध्ये आपण सगळे एक आहोत. अशी खूण कशाला ठेवायची?"

"बरं होईन बाप्पा," जाऊ म्हणाली. "तिकडे नजर गेली तं मले कसंतरीच होते."

भासऱ्यांवर मला राग आला, पण तो नेहमीचा. पाळकावर जास्त आला. ज्या जागेची लाज वाटायला हवी ती जागाच नाहीशी करायची, आणि वर ते दयेचं काम म्हणून करायचं. मी बोलले मात्र काहीच नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. आलं की चहा ओतते, भांडी उचलते, घरी जाते. त्या दिवशीही तेच केलं.

ती छपरी महारोग्यांची होती. माझी आई तिथे बसायची.

नदीच्या पलीकडे तेव्हा मिशनचा दवाखाना होता आणि मागे रोग्यांची वस्ती. मी तिथे जन्मले, पण मला तिथे ठेवलं नाही. निरोगी मुलांना आईबापापासून दूर ठेवायचे. मला अकोल्याच्या बोर्डिंगमध्ये टाकलं. तिथे चौथी झाले, मग स्वयंपाकघरात लावली. नाताळात आणि मे महिन्यात आईकडे येऊ द्यायचे. रविवारी घंटा झाली की वस्तीतले लोक मागच्या गल्लीने यायचे. पुढच्या दारासमोरून जायचं नाही असं ठरलेलं होतं. आतले सगळे बसले की हे छपरीत बसायचे. मे महिन्यात टिनं अशी तापायची की गाणं म्हणताना तोंड कोरडं पडायचं. आई गाणं मोठ्याने म्हणायची. आतल्यांना ऐकू जावं म्हणून म्हणायची, असं मला आता वाटतं.

प्रभुभोजनाच्या दिवशी प्रत्येकाने आपली जर्मनची वाटी आणायची आणि खिडकीच्या दगडावर ठेवायची. आतून एक हात लोटी घेऊन त्या कापलेल्या गजातून यायचा आणि वाट्यांत द्राक्षरस ओतायचा. पोळीचा तुकडा मात्र हातात द्यायचा असतो. आई हात पुढे करायची. तिची बोटं झडलेली होती, नुसता तळवा. आतला हात तुकडा वरून टाकायचा, लागू नये म्हणून. कधी तो तळव्यावरून घसरून फरशीवर पडायचा. ते प्रभूचं शरीर, म्हणून आई वाकून, तोंड फरशीजवळ नेऊन ते उचलायची. आतला हात तोवर पुढच्याकडे गेलेला असायचा. त्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं होतं. माणसाचं तोंड मला कधी दिसलं नाही, खिडकी खुजी होती.

आई गेली. वस्तीच्या मागे पुरली, दगडबिगड काही लावला नाही. पुढे बोर्डिंगच्या बाईंनी माझं लग्न जमवलं. मुलीला कोणी नाही, एवढंच सांगितलं. मुलाचा एक पाय पोलिओने बारीक होता, घरची भाजीची वाडी होती. जीपमधून उतरले आणि ओळखीची घंटा ऐकली तेव्हा मला कळलं की कुठल्या गावात देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना भात वाढताना त्यांचा हात पाहिला. अंगठ्याचं नख काळं होतं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. इतक्या वर्षांत मला वाटत होतं की ही गोष्ट फक्त माझ्याजवळ आहे.

छपरी सोमवारी पाडायची ठरली. त्याच्या आदला रविवार प्रभुभोजनाचा होता. मी घरून सतरंजी घेतली. आमच्याकडे बाया डाव्या बाजूला खाली सतरंजीवर बसायच्या, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही. नवरा पुढच्या दाराने आत गेला. मी मागच्या गल्लीने वळले.

छपरीत चुन्याची पोती रचलेली होती. कुत्रं उठून गेलं. मजुरांनी खिडकीत चाळण अडकवली होती, ती काढून बाजूला ठेवली आणि बसले. खिडकीतून मला आतले पाय दिसत होते. चपला, लुगड्यांचे काठ, नवऱ्याचा बारीक पाय. गाणं सुरू झालं. मी म्हटलं नाही. मला आईसारखा आवाज नाही.

पहिल्या प्रार्थनेनंतर जाऊ खिडकीशी वाकली.

"काय करून राहिली व तिथं?"

"बसली."

"आत जागा नाही का? पोत्यायमंधी कायले बसली? आत ये."

"नाही."

"काहून?"

मी सतरंजीचं टोक सरळ केलं. ती पदर ओढून गेली, आणि जाताना बाजूच्या बाईला म्हणाली, "डोक्षात उन गेलं हिच्या."

मग पोळी मोडली गेली. लोक उठून पुढे जाऊ लागले. मी कापलेल्या गजातून हात आत केला आणि तळवा वर करून तसाच ठेवला. पाळक ताटली घेऊन अर्ध्यापर्यंत आले आणि त्यांनी भासऱ्यांकडे पाहिलं. पाळकांना काही माहीत नव्हतं, एवढं मी मानते.

भासरे उठून आले. आमच्या घरात भासरे भावजयीशी सरळ बोलत नाहीत. काही हवं असेल तर जावेला सांगतात, 'लहानीले म्हणा'. जन्मात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, तेही खिडकीतून, हळू.

"लहानी, तमाशा नको करू. लोक पाहून राहिले."

"माझी आई इथं बसत होती," मी म्हटलं. आवाज निघाला. बारीक निघाला, पण निघाला.

"मले माहीत हाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून माहीत हाय," ते म्हणाले. "बाबानं तुले वस्तीत पायलं होतं, पायताच ओळखलं. आमचा लंगडा होता म्हणून करून घेतली. इतक्या वर्षांत आमी तोंड उघडलं का कोणापाशी? घरात घेतलं, लेकरं झाले, नातवंडं झाले. आन तू असं पांग फेडून राहिली आमचे."

हात आतच होता. मला त्या क्षणी आमचं स्वयंपाकघर दिसलं. पाहुणे आले की भाकरी जाऊच थापायची आणि मला म्हणायची, "तू विहिरीवरचं पाहा." मला वाटायचं माझी भाकरी नीट पडत नाही. प्रभुभोजनाची पोळी आमच्या घरून जाते. ती कधी माझ्या हातची गेली नाही. अध्यक्षाच्या बायकोचा मान, असं मी समजत होते. बाळंतपणात मला वेगळा पेला होता, त्याच्यावर खूण केली होती, आणि तो पेला नंतरही माझाच राहिला. मी त्याला लाड समजत होते.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "हात दुखते माझा."

पाळक आले. त्यांनी तुकडा तळव्यावर ठेवला आणि वरून आपला हात ठेवून माझा हात दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते आवडलं नाही. तो दाबलेला हात माझ्यासाठी नव्हता, त्यांना स्वतःला बरं वाटावं म्हणून होता. मी हात काढून घेतला आणि तुकडा खाल्ला. पोळी जावेच्या हातची होती, कडा कच्च्या होत्या.

घरी नवऱ्याबरोबर चालत निघाले. वाडीच्या कुंपणाशी आल्यावर मी विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू नाही सांगतलं. मी समजलो तुले सांगायचं नसन."

त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात एवढं एकच मला पटलं.

सोमवारी छपरी पाडली नाही. पाळकांनी इंजिनियरला फोन केला होता. तो दुपारीच आला आणि खिडकीशी उकिडवा बसून कापलेल्या गजाचे फोटो काढू लागला. "हा तर इतिहास आहे," तो म्हणाला. "हे जपलंच पाहिजे." आठवड्यापूर्वी यानेच ती नंतरची म्हणून काढायला सांगितली होती. मग मंडळीलाही ती जपावीशी वाटू लागली. जुनी टिनं काढून कवेलू घातले, फरशी घासून चकचकीत केली, गजांना काळा रंग दिला. आई बसायची तेव्हा टिनाखाली भाजून निघायची. आता तिथे गारवा असतो.

देणगीदारांचा संगमरवर पुढच्या दाराशी गेला. खिडकीशेजारी एक लहान पाटी लागली. मी वाकून सावकाश वाचली. 'या ठिकाणी पूर्वीच्या काळी मंडळी आपल्या आजारी बांधवांची प्रेमाने सेवा करीत असे.'

मी पाळकांकडे गेले. एकटे होते म्हणून बोलू शकले.

"साहेब, हे खरं नाही."

"कोणतं, काकू?"

"प्रेमानं."

ते हसले. वाईट हसले नाहीत. "काकू, पाटीवर चांगल्या शब्दांत लिहावं लागतं. बाहेरून लोक येतील, आपल्या मंडळीबद्दल काय म्हणतील?"

हे मी त्या पाटीला उत्तर म्हणून लिहिते आहे. पाटी दगडात आहे आणि माझं कागदावर आहे, हे मला कळतं.

काम संपून चर्च उघडायच्या दिवशी पाळकांच्या वरचे मोठे साहेब आले, मांडव पडला, फोटोवाला आला. जाऊ नवं लुगडं नेसून दारात हळदीच्या रंगाची फुलं वाटत होती. फोटोवाल्याला कोणीतरी माझं सांगितलं असावं. तो मला शोधत आला.

"काकू, तुम्ही छपरीत बसा, आणि तो हात खिडकीतून आत करा. तेव्हा केला होता तसाच. साहेब आतून पोळी देतील. मस्त येईल फोटो."

"बस ना लहानी," भासरे म्हणाले. आता ते माझ्याशी सरळ बोलतात. "पेपरात येईन आपल्या मंडळीचं. बस, बस."

पाळकही मान हलवत होते. साहेब आधीच आत खिडकीशी जाऊन वाकले होते. त्यांचा हात गजातून बाहेर आलेला मला दिसला. स्वच्छ, अंगठी घातलेला, वाट पाहणारा.

मी त्यांना तसंच राहू दिलं. वळून पुढच्या दाराकडे गेले. आई त्या दाराने कधी आत गेली नव्हती, आणि मी इतकी वर्षं गेले ती नेहमी मान खाली घालून, बायांच्या घोळक्यात. आता सतरंज्या जाऊन बाकं आली आहेत. पहिल्या बाकावर कमिटीच्या घरच्या बाया बसतात. जाऊ येऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

तिने वर पाहिलं. मग पदर आवरून आपल्याकडे घेतला आणि सरकून जागा दिली. एका माणसाला लागते त्याहून बरीच जास्त दिली.