संग्रामपूरची जागल आणि माझी प्रश्नावली

“बुलढाण्यात बघण्यासारखं काय आहे गं?” डबा भरता भरता आईने विचारलं. लोणारचं सरोवर, मी म्हटलं. “मग लोणारला चाललीस?” नाही, संग्रामपूरला. तिथे काय आहे, ते आल्यावर सांगीन, म्हटलं.

बॅगेत होती एक प्रश्नावली. मोठा धक्का बसला की प्रसंग सरून जातो, पण शरीर सावधच राहतं. झोप लागत नाही, बारीक आवाजाने दचकायला होतं, सतत पहारा दिल्यासारखं वाटतं. हे सगळं मोजणारी ही मूळ इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. पुण्यात बसून मी झकास मराठी केलं होतं. आता ते कापूस पिकवणाऱ्या गावात, फवारणीच्या विषबाधेतून उठलेल्या माणसांना कळतंय का, ते बघायचं होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. रेल्वेने शेगावला उतरा आणि मुक्काम तिथेच करा, खोल्या स्वच्छ मिळतात. स्टेशनवरची गरम कचोरी चुकवू नका. पुढे एसटी आहे, नाहीतर दोन-तीन कचोऱ्यांच्या भावात जीप. पण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि ‘भरली’ हे ड्रायव्हर ठरवतो. दिवाळीनंतर जा. वरवट बकाल सोडलं की दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि समोर सातपुडा दिसू लागतो. मी तर खिडकीला नाक लावूनच बसले होते.

संग्रामपूरला अस्लम सर स्कूटर घेऊन उभे होते. निवृत्त शिक्षक, आमच्या कामात गावाकडचे सोबती. “पहिले चहा, मंग तुमचे सवाल,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या एका खेड्यात (नाव सांगत नाही, माणसांचीही बदलली आहेत) पारावर बसून मी प्रश्न वाचले. “रात्री कोणीतरी येईल म्हणून सावध राहता का?”

“हाव! रोजच. डुकरं येऊन राह्यली ना, मॅडम.”

“बारीक आवाजाने दचकता का?”

“दचकलो नाई तं हरभरा कोन राखीन?”

माझ्या हिशेबाने अख्खा पार आजारी निघाला. अस्लम सर पोट धरून हसत होते. मला थोडा रागच आला. एवढी मेहनत केलेली.

मग त्यांनी समजावलं. इथे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, उभं पीक तुडवतात. म्हणून घरोघरी जागल असते, मचाणावर बसून रात्रीची राखण. तिचा एक नियम आहे. पुढच्या पाळीच्या माणसाने येऊन हातातला टॉर्च घ्यायचा आणि म्हणायचं, “मी आलो, तू नीज.” तोवर पहिल्याने डोळा मिटायचा नाही.

तिसऱ्या दिवशी देविदासभाऊंकडे गेलो. मागच्या हंगामात फवारणी करताना ते शेतातच कोसळले होते. “बीटी कापूस आला तवा वाटलं, फवारनी सुटली. मंग बोंडअळी आली,” ते म्हणाले. दवाखान्यातून बरे होऊन आले, आता कामही करतात. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, नाही. झोप? “मस्त लागते.”

वनितावहिनी दारात बसून कापसातला कचरा वेचत होत्या. भाऊ खोकले की त्यांचा हात थांबायचा. दोनदा-तीनदा पाहिल्यावर मी प्रश्नावली मिटली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“वहिनी, तुम्ही झोपता का?”

“मले कायले विचारता? झालं ते याईले झालं.”

“तरी?”

“झोपू कशी? याईचा श्वास आयका लागते. डॉक्टरनं सांगतलं होतं, रात्री ध्यान ठेवा.”

“अहो, ते तेव्हाचं!”

“मंग कोनी म्हनलं नाई का आता पुरे,” त्या म्हणाल्या. “परवा विहिरीच्या काठावर डुलकी लागली. घागर गेली आत. मी राह्यली.”

या बाईची जागल अजून कोणी उतरवलीच नव्हती. घरात सासूबाईही होत्या, पण जो बरा झाला त्याच्याकडेच सगळ्यांचं लक्ष. माझंसुद्धा.

देविदासभाऊ उठले. “मले काऊन नाई सांगतलं?” एवढंच म्हणाले. मग कोनाड्यातला टॉर्च घेऊन आले आणि भर दुपारी वहिनींच्या हातात दिला.

“हे काय?” वहिनींना हसू आलं.

त्यांनी तो लगेच परत मागून घेतला. “मी आलो. तू नीज.”

“अन् तुमचा श्वास?”

“मी जागाच हाये. आयकतो माहा मीच.”

वहिनी हसता हसता रडल्या. खाटेवर आडव्या झाल्या, आणि कापूस तसाच पदरात असताना त्यांना झोप लागली. भाऊ उशाशी टॉर्च घेऊन बसले. मला रडू आवरेना. अस्लम सरांनी स्कूटर सुरू केली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही दोघांनी ती ढकलत नेली.

एका दुपारच्या झोपेने सगळं सुटत नाही, हे मला कळतं. निघण्याआधी पुन्हा जाऊन, वहिनींना विचारूनच, सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंशी त्यांची भेट ठरवली. वहिनींनी मला भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत खायला घातलं. त्या चवीचं वर्णन करत नाही, जळाल.

परतीची गाडी उशिरा पोचली. घरी आले तेव्हा उजाडलं होतं आणि आई दिवाणखान्यात खुर्चीत जागीच बसलेली. “आले मी. तू नीज,” मी म्हटलं. “आता कसली नीज? चहा ठेव,” ती म्हणाली.

प्रश्नावली आता बदलली आहे. पहाऱ्याच्या प्रश्नापुढे विचारतो, राखण संपल्यावरही मनातला पहारा सुटत नाही का? आजाऱ्याइतकंच त्याच्या घरच्यांनाही विचारतो. शेवटी एक प्रश्न मी भांडून घातलाय: तुमची पाळी कोण घेतं?

गेल्या आठवड्यात अस्लम सरांचा फोन आला. वहिनी समुपदेशक ताईंकडे दोनदा जाऊन आल्या. रात्री आता भाऊ आणि सासूबाई पाळी लावतात. वहिनी कधी झोपतात, कधी नाही.

“अन् मॅडम,” सर म्हणाले, “वहिनी तुमचं रोज विचारते. मॅडम घरी पोचल्या का? तुम्ही कळवलंच नाई.”

मी कळवायला विसरले होते.

“पोचले म्हणावं, सर,” मी म्हटलं. “आत्ताच जाऊन सांगा. माझी राखण पुरे म्हणावं. नीज म्हणावं आता.”