जिवंतांच्या यादीतील पेलाहेया

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आमच्या सूनबाईंच्या, म्हणजे सुलेखाच्या, शेजारी राहणाऱ्या ओदार्काबाईंना कोणी त्यांचे गाव विचारले, तर त्या प्रथम स्थानकाचे वर्णन करीत. वुझ्लिव्का हे युक्रेनमधील एक लहानसे नगर. नगराला स्थानक मिळाले नाही, स्थानकाला नगर मिळाले, असे त्या म्हणत. गेल्या शतकात ओडेसाकडे जाणाऱ्या लोहमार्गाला तिथे पश्चिमेकडून फाटा येऊन मिळाला. आधी पाण्याची टाकी उभी राहिली, मग इंजिनांची शेड, मग कामगारांच्या खोल्या, आणि देवाचे घर सर्वांत शेवटी. लोक घड्याळ बाळगीत नसत. ओडेसाची गाडी शिट्टी देई, तेव्हा बायका पाव भट्टीत सारीत. गाडी सुटण्यापूर्वी तीन घंटा होत. तिसरी घंटा झाल्यावाचून तिथे कोणी निरोपाचा अश्रू ढाळीत नसे, कारण पुष्कळदा गाडी तशीच उभी राही आणि रडलेल्या माणसाला पुन्हा हसून बोलावे लागे.

ओदार्काबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. युद्धात जर्मनांनी त्यांना वेठीला नेले. पुढे निर्वासितांच्या छावणीतून त्या अमेरिकेत आल्या आणि तीस वर्षे एका ड्रायक्लीनरच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड-लांब करीत राहिल्या. माझी नात दीपा शाळेतून आली की आईवडील कामावरून परतेपर्यंत त्यांच्याकडे असे. मी १९८६ च्या उन्हाळ्यात मुलाकडे आलो, तेव्हा दीपासोबत मीही त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागलो.

चाळीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या माणसाला तिथे अनपेक्षित निधी सापडला. त्यांचे 'द्वेरी' म्हणजे आपले द्वार. 'व्दोवा' म्हणजे विधवा. 'वोदा' म्हणजे उदक. मी एक वही केली आणि शब्दांच्या जोड्या समोरासमोर लिहू लागलो. ओदार्काबाईंचे इंग्रजी तुटके, माझे पुस्तकी. तरी आमचे छान जमे.

"प्रोफेसर, हे शब्द तुम्ही आमचे चोरले की आम्ही तुमचे?"

"चोरी नव्हे. आपण भाऊबंद आहोत."

"मग जमिनीतला माझा हिस्सा द्या."

दीपा मध्येच म्हणे, "आजोबा, शी इज किडिंग." आणि आम्ही दोघे अधिकच हसत असू.

त्या वर्षी एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती. आपली गावे पुसली जातील या भयाने शिकागोतील त्यांच्या चर्चने वृद्धांना आपापल्या गावाचा इतिहास लिहून वाचायला सांगितले होते. ओदार्काबाईंची पाळी ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी होती. त्यांच्या कागदावर स्थानकाच्या उपाहारगृहातील बिलोरी झुंबरे होती, फलाटावर विकल्या जाणाऱ्या वाटाण्याच्या कचोऱ्या होत्या, आणि पुढे पान कोरे होते. त्यांची मावसबहीण उल्याना क्लीव्हलंडहून मुद्दाम येणार होती, तीन दिवसांसाठी.

त्या रविवारच्या आदल्या गुरुवारी दीपा अंगणात खेळत होती. मी सहज विचारले, आमच्या 'जीव' या शब्दाला तुमच्याकडे काय?

"झिवा," त्या म्हणाल्या. "बाई जिवंत असेल तर झिवा."

"आणि मृता?"

"मेर्त्वा."

मी आनंदाने दोन्ही शब्द लिहून घेतले. मान वर केली, तर ओदार्काबाईंनी दोन्ही तळहात टेबलावर सपाट ठेवले होते. पुढचे सारे त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितले.

१९३३ च्या वसंतात सरकारने खेड्यांतले धान्य नेले आणि खेडी वुझ्लिव्काच्या स्थानकाकडे चालत आली. रेल्वेच्या कामगारांना पावाचे कार्ड होते. ओदार्काबाईंचे वडील गाड्यांसाठी रूळ बदलणारे सांधेवाले होते, म्हणून त्यांचे घर जगले. खेडुतांना दाखल्यावाचून तिकीट मिळत नसे. ते उपाहारगृहाच्या भिंतीला टेकून बसत आणि तिथेच मरत. रोज सकाळी एक गाडा येई. गाडेवाल्यांचा वेळ वाचावा म्हणून पुढे एक पोरगी चाले, आणि प्रत्येकापाशी वाकून दोनांपैकी एक शब्द सांगे. मजुरी म्हणून पावाचा तुकडा. ती पोरगी म्हणजे चौदा वर्षांच्या ओदार्काबाई.

एका सकाळी भिंतीपाशी त्यांची मावशी पेलाहेया होती. वडिलांनी ताकीद दिली होती, खेड्यातल्या कोणाला ओळख देऊ नकोस. चौघांच्या पावात पाचवा बसत नाही.

"तिने डोळे उघडले. माझं नाव घेतलं. मी गाडेवाल्यांना म्हटलं, मेर्त्वा. त्यांनाही दिसत होतं, प्रोफेसर. त्यांनी उचलली."

माझ्या हातात पेन्सिल तशीच होती. आयुष्यभर मी शब्दांची कुळे शोधली. शब्दाने माणूस गाड्यात घालता येतो, हे मला कोणत्याही धातुपाठाने सांगितले नव्हते.

उल्याना ही त्या पेलाहेयाची मुलगी. तेरा वर्षांनी छावणीत दोघी बहिणी भेटल्या, तेव्हा तिने पहिला प्रश्न आईचाच केला. तुझी आई ओडेसाच्या गाडीत बसताना मी पाहिली, असे ओदार्काबाईंनी सांगून टाकले. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी पाद्र्याकडे नावांच्या दोन चिठ्ठ्या देतात, एक जिवंतांची आणि एक मृतांची. उल्याना चाळीस वर्षे आईचे नाव जिवंतांच्या चिठ्ठीत लिहीत होती.

"बासष्टची मुलगी ब्याऐंशीच्या आईसाठी आरोग्य मागते. रविवारी ती पहिल्या रांगेत बसेल. मी काय वाचू?"

अप्रिय सत्य बोलू नये, हा सोयीचा शहाणपणा माझ्या ओठांवर तयारच होता. "झुंबरांविषयी वाचा," मी म्हणालो.

रविवारी सुलेखाने आम्हाला नेले. "अप्पा, मीच ड्राइव्ह करते, ओदार्कामावशींना हायवेची भीती वाटते," ती म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हते. मागच्या सीटवर दोघी बहिणी आपल्या भाषेत अखंड बोलत होत्या. उल्यानाबाई ठेंगण्या, हसऱ्या, हाताने बहिणीची कॉलर सारखी करणाऱ्या.

चर्चच्या तळघरात साठ-सत्तर माणसे होती. ओदार्काबाईंनी चष्मा लावून वाचायला आरंभ केला. मला भाषा कळत नव्हती. पण लोक मधूनमधून हसत होते, त्यावरून कचोऱ्या आल्या असाव्यात हे कळले. मग त्यांनी कागदाची घडी घातली. पहिल्या रांगेकडे पाहून त्या पाच-सहा वाक्येच बोलल्या, अगदी सावकाश. त्यांत पेलाहेया हे नाव आले, आणि नंतर 'मेर्त्वा' हा शब्द आला, जो तीन दिवसांपूर्वी मी हौसेने वहीत उतरविला होता. कोणाच्या तरी हातातील कपाला बशी लागून बारीक किणकिण होत राहिली. उल्यानाबाई उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी अंगातील कोटाची बटणे एकेक करून लावली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

परतीला गाडी एकच होती. आम्ही चौघे त्याच जागांवर बसलो. सुलेखाने एकदा आरशातून मागे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि रेडिओ बंद केला.

काही वेळाने उल्यानाबाई बोलल्या, ते इंग्रजीत. जन्मात कधी त्या दोघी एकमेकींशी त्या भाषेत बोलल्या नव्हत्या.

"वार कोणता होता?"

"मंगळवार," ओदार्काबाईंनीही इंग्रजीतच सांगितले.

"तारीख?"

"एप्रिल होता. तारीख मला ठाऊक नाही."

"आठव," उल्यानाबाई म्हणाल्या. "मृतांच्या चिठ्ठीत नाव घालायचं, तर मला तिचा दिवस हवा."

ओदार्काबाई बोटांवर काही मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या. शहराबाहेर पडण्यापूर्वी उल्यानाबाईंनी सुलेखाला बस स्टेशनपाशी उतरवायला सांगितले. सुलेखा म्हणाली, "पण मावशी, तुमची बॅग घरी आहे." ती पाठवून द्या, एवढे सांगून त्या उतरल्या आणि मागे न पाहता दारातून आत गेल्या.

सोमवारी सुलेखा ती बॅग पोस्टात नेणार होती. पाठविणाऱ्याचे नाव म्हणून तिने स्वतःचेच लिहायला घेतले, म्हणजे बहिणीचे नाव पाहून उल्यानाबाई बॅग परत पाठवायच्या नाहीत, असा तिचा विचार. ओदार्काबाईंनी तिच्या हातून पेन घेतले आणि मोठ्या अक्षरांत आपले संपूर्ण नाव लिहिले. शिवाय एका वेगळ्या कागदावर त्यांनी चार तारखा लिहून ठेवल्या होत्या, १९३३ च्या एप्रिलमधील चारही मंगळवारांच्या. तो कागद त्यांनी बॅगेच्या आत सरकविला.