मला घोडा दिसला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंडळातल्या एकालाही नाही. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतो, नजर त्याच्यावर ठेवायची असते — तिथं हे मनात आलं की मी मंत्र मोठ्यानं म्हणायला लागतो. घरातल्यांना वाटतं, भक्ती वाढली.

तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा माझा संबंध नाही. आणि आधीच बजावतो — मान हलवू नका. 'होतं हो माणसाकडून' म्हणू नका. तसं म्हणणाऱ्या माणसाला मी दुकानात उभंसुद्धा करत नाही.

मानवतला माझं कापडाचं दुकान आहे. आणि नाद आहे आकाशाचा. परभणीत आमचं आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे — दोनचार शिक्षक, बँकेतले साहेब, एक दातांचे डॉक्टर, एक वकील. मंडळ मी काढलं. पहिली दुर्बीण माझी. अमावस्येच्या आसपास आम्ही पोखर्णीच्या पुढं एका ओळखीच्या शेतात जमतो. सतरंज्या टाकायच्या, थर्मासमधला चहा, कुणाच्या तरी घरचे धपाटे, आणि जेवणं उरकली की दिवे बंद.

चंद्र कुणालाही दिसतो. शनीची कडी बघून लहान पोरही टाळ्या पिटतं. खरा नाद त्याच्या पलीकडचा. दूरचे तेजोमेघ, दूरच्या दीर्घिका — काचेवर कुणी हळूच फुंकर मारावी आणि वाफ धरावी, एवढंच दिसतं. ते सुद्धा अर्ध्या तासानं डोळा अंधाराला सरावल्यावर. फोटोबिटो आमच्यात कुणी काढत नव्हतं. एकानं बघायचं, मग दुसऱ्यानं बघायचं आणि म्हणायचं, 'हो, दिसलं.' झालं. तोच पुरावा. म्हणजे सगळा कारभार दुसऱ्याच्या जिभेवर. कळतंय का, मी काय सांगतोय?

मन्मथ माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पाथरीला त्याचं औषधाचं दुकान होतं. त्याला ह्या नादाला मीच लावलं. 'दाजी, एकडाव मला बी न्या की,' असं तो कितीतरी दिवस मागं लागला होता, तेव्हा नेलं. देवयानी दीर्घिका मी दाखवली. नक्षत्रं मी ओळखायला शिकवली. त्याची पहिली दुर्बीण त्यानं मला विचारूनच घेतली — आणि घेतली ती माझ्यापेक्षा मोठी. मीच म्हणालो होतो, मोठी घे.

मग तो माझ्या पुढं गेला. कधी गेला ते नीट सांगता येणार नाही. एवढं कळत होतं की नवी माणसं आली की आधी माझ्या दुर्बिणीला डोळा लावतात, 'छान' म्हणतात आणि त्याच्याकडं जातात. आणि तिथंच थांबतात. तो शेजारी उकिडवा बसून बारीक आवाजात सांगायचा, 'ताई, सरळ बगू नका. नजर जरा बाजूला ठिवा, अन् वाट बगा.' मग ती बाई एकदम 'अगं बाई!' म्हणायची. सगळे तिकडं धावायचे. मी माझ्या दुर्बिणीजवळ एकटा उभा.

आणि तो वर म्हणायचा, 'हे समदं दाजींनी शिकवलंय बरं का.'

ह्या वाक्याची मला जेवढी चीड यायची तेवढी आयुष्यात कशाची आली नाही. त्यानं माझी टिंगल केली असती तर मला सोपं गेलं असतं. पण तो मनापासून म्हणायचा. त्याच्या शाल गुंडाळण्याची चीड, थर्मासचं झाकण फिरवण्याची चीड, तो हसायचा त्याची चीड. तो घरी आला की मी दुकानातून मुद्दाम उशिरा निघायचो. बायको विचारायची, 'तुमचं अन् मन्मथचं काई बिनसलंय का?' मी म्हणायचो, 'त्याचं माझं काय बिनसायचंय?'

मृग नक्षत्रात तीन तारे ओळीत असतात, ते तुम्हाला माहीत असतील. त्यातल्या एका टोकाच्या ताऱ्यालगत फार अंधुक उजेडाची एक पट्टी आहे, आणि त्या पट्टीसमोर काळ्या धुळीचा एक ढग आलाय — घोड्याच्या मानेसारखा. छापील फोटोत तो लालभडक उजेडावर झकास दिसतो. नुसत्या डोळ्यानं, दुर्बिणीतून? चांगल्या चांगल्यांची हयात जाते. उजेडावरचा काळोख ओळखायचा, आणि मुळात तो उजेडच डोळ्याला लागत नाही. मी कित्येक हिवाळे त्याच्यामागं होतो. मला दिसला नव्हता. मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं की परभणीत तो कुणाला दिसलाच तर मलाच दिसणार.

त्या दिवशी थंडी कडक होती आणि हवा अशी स्वच्छ की तारे लुकलुकतही नव्हते. मन्मथ डोक्यावर काळं कापड घेऊन कधीपासून आयपीसला डोळा लावून बसला होता. कापड माझ्याच दुकानातलं. बाकीचे चहाला गेले होते.

'दाजी,' तो म्हणाला. आवाज कापरा. 'या. काई बोलू नका. नुसतं बगा.'

मी कापडाखाली गेलो. त्यानं तो टोकाचा झगझगीत तारा दृष्टीच्या बाहेर ठेवला होता — हे मला इतक्या वर्षांत नीट जमलेलं नव्हतं. आधी काहीच नाही. मग नजर जराशी बाजूला नेली. आणि —

दिसला. मला तो दिसला. फिकट पट्टी, आणि तिला कुणीतरी बोटानं पुसल्यासारखी काळी खाच. गेला, परत आला. परत गेला, परत आला. त्याच जागी. शंकाच नाही.

एक क्षण मला आनंद झाला. तुम्हाला काय वाटतं ह्याची मला पर्वा नाही, पण तो झाला होता. तेवढ्यात मागून पावलं वाजली. मन्मथला राहवलं नव्हतं, त्यानं कुणाला तरी सांगितलं होतं, आणि सगळे येत होते. 'घोडा? मन्मथला घोडा दिसला?' वकील ओरडत होते. मन्मथला. मन्मथला!

मी डोक्यावरचं कापड काढलं आणि म्हणालो, 'काई न्हाई तिथं.'

मग एकेकानं पाहिलं. नुकताच चहा पिऊन, मोबाइलच्या उजेडात वाट काढत आलेली माणसं — त्यांना काय दिसणार? कुणालाच दिसलं नाही. वकील म्हणाले, 'मन्मथराव, औषधं गिऱ्हाईकाला देता का सवता खाता?' सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ हसलो असेन. मन्मथ पुन्हा जाऊन बसला, बराच वेळ बसला, आणि उठून म्हणाला, 'आता मलाबी दिसंना.'

बघा, हे मी सरळ सांगून टाकलं. अडखळलोसुद्धा नाही. का? कारण जे सांगायचंय ते हे नाही. जळकुकडेपणा कुणात नसतो? चार लोकांत तोंडातून एक खोटं निघून गेलं — असं म्हणून मला हे केव्हाच पचवता आलं असतं.

पुढचं ऐका.

मंडळाच्या ग्रुपवर घोड्यांची चित्रं यायला लागली. टांग्याचा घोडा, वरातीतला घोडा. 'घोडेवाले' हे त्याचं नाव पडलं. तो आधी समजावून सांगायचा — नजर कशी ठेवली होती, किती वेळ दिसलं. मग मी ज्येष्ठ माणूस म्हणून ग्रुपवर लिहिलं : 'कल्पना आणि निरीक्षण यांतला फरक नव्या सभासदांनी शिकून घ्यावा.' कुणीतरी त्याच्याखाली टाळ्यांचे हात टाकले. मन्मथ ग्रुपमधून बाहेर पडला.

नंतर बायकोकडून कळलं की तो परभणीला डोळे तपासून आला. डोळे ठणठणीत. मग नांदेडला गेला. तिथंही तेच. तिला तो म्हणाला होता, 'अक्का, डोळे बेस हायत म्हणतेत. मग बिघडलं काय?' दुकानात औषधाचं नाव एकदा वाचायचा, परत वाचायचा, मग गिऱ्हाईकालाच म्हणायचा, 'तुमीच वाचा बरं, काय लिव्हलंय.' औषधाच्या दुकानात हे चालतं का? माणसं समोरच्या दुकानात जायला लागली.

बायको हे सांगत होती आणि मी जेवत होतो. मला वाईट वाटलं का? नाही. मला बरं वाटत होतं. तो मंडळात येत नव्हता आणि माझ्या दुर्बिणीला पुन्हा रांग लागत होती.

दुसऱ्या हिवाळ्यात मी एक काच मागवली. आयपीसला लावायची, त्या पट्टीचा तेवढा एकच रंग आत सोडणारी. ती लावली की घोडा बराच सोपा होतो. मी सगळ्यांना दाखवला. त्यांनाही दिसला. परभणीत एका शाळेच्या सभागृहात माझा सत्कार झाला — जिल्ह्यातून घोडा पहिल्यांदा पाहणारा म्हणून. शाल, श्रीफळ, भाषणं. मन्मथ पाथरीहून एसटीनं आला होता. मागच्या खुर्चीवर बसला. शेवटी त्यानंही माझ्या गळ्यात हार घातला.

त्यानंतर एका दुपारी तो मानवतला घरी आला. बायको बाजारात गेली होती. घरात आम्ही दोघंच. पाणी दिलं, ते त्यानं तसंच ठेवलं.

'दाजी, एक इचारू का? रागावू नका.'

'विचार.'

'तुमाला काचेतून दिसलं ते, अन् मला तवा दिसलं ते — जागा तीच, आकार तोच. मंग मला खरंच दिसलं आसंल ना?' तो माझ्याकडं बघत नव्हता. 'तवा तुमचीबी गडबड झाली आसंल. लोकं आली व्हती, घाई व्हती. मी कुणाला सांगणार न्हाई, आईशप्पथ. सत्कार तुमचाच ऱ्हाऊ द्या. मला नुसतं कळायचंय — माझं डोस्कं ठीक हाय का न्हाई.'

त्यानं दार उघडून दिलं होतं. मला नुसतं बाहेर पडायचं होतं. लोक नव्हते, हसणारं कुणी नव्हतं, सत्कारही तो मागत नव्हता. त्याला एक शब्द हवा होता. 'दिसलं होतं.' एवढाच.

मी खूप शांतपणे म्हणालो, 'त्या काचेशिवाय ते कुणालाच दिसत नसतं, मन्मथ. मनाचे खेळ असतात हे. चांगल्या डॉक्टरला दाखव. लाजू नको.'

हे ते. हेच सांगायचं होतं.

राग नव्हता त्या वेळी मला. मी विचार करून, शब्द निवडून बोललो. 'लाजू नको' हे तर मला मागाहून सुचलं आणि मी मुद्दाम जोडलं. मन्मथ उठला आणि माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानं डॉक्टरला दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. कुठली गोळी काय करते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तरी घेतल्या. दिवसभर पेंगायचा. पाथरीचं दुकान त्यानं देऊन टाकलं आणि आता तो मानवतलाच एका जिनिंगवर कामाला आहे, कापसाच्या गाड्या आत-बाहेर करतो. दुर्बीण माझ्याकडं आणून ठेवली. म्हणाला, 'तुमाला उपेगी पडंल.' पडते. माझ्यापेक्षा चांगली आहे ती.

तुम्हाला वाटत असेल, आता तरी माझी चीड गेली असेल. गेलेली नाही. आता मला त्याच्या गप्प राहण्याची चीड येते. त्यानं एकदा तरी माझी गचांडी धरावी, 'खोटारड्या' म्हणावं, असं वाटतं. तो तसं म्हणत नाही. म्हणून त्याचा आणखी राग येतो.

परवा येळवस झाली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही सगळे सासऱ्यांच्या शेतात जेवायला जातो, सोनपेठकडं. ज्वारीत पंगत बसली होती. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. बायको वाढत होती. मन्मथ माझ्या शेजारी. त्याचा हात कापत होता, हल्ली कापतो, आणि आंबील पत्रावळीत सांडली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती एकदम माझ्याकडं वळली.

'खरं सांगा, तुमी ह्याला कवा काई बोलला व्हतात का? त्या दुर्बिणीपासनंच हे समदं सुरू झालंय.'

सगळ्यांचे हात थांबले. सासरे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडणार होतो. काय म्हणणार होतो ते आज मलाही सांगता येणार नाही.

माझ्याआधी मन्मथच बोलला. 'अक्का, दाजींना बोल लावू नको. लोकं तोंडावर हसले, डॉक्टरांनी नुसते कागद दिले. खरं सांगणारा हा एकच माणूस भेटला मला.'

बायकोनं पदरानं डोळे पुसले. माझ्या पानात आणखी एक उंडा वाढला आणि म्हणाली, 'चुकलं माझं.'

मी तो उंडा भज्जीत कुस्करला आणि जेवलो. पोटभर जेवलो.