दासोहाची पंगत

गव्हाची खीर, आमची हुग्गी, शिजू लागली, की गूळ-वेलदोड्याच्या वासाबरोबर मला वळसंगजवळच्या मठातली एक दुपार आठवते. दासोहाच्या, म्हणजे अन्नदानाच्या, पंगती चालल्या होत्या. मी बादलीतून हुग्गी वाढत होतो आणि माझ्यामागून माझी मुलगी तूप. लहानपणापासूनच तिला हवाईसुंदरी व्हायचे होते. आता एका विमान कंपनीने तिला निवडले होते, पण त्यासाठी पुण्यातल्या ऑफिसची मोठ्या पगाराची नोकरी सोडायला मी तिला अडवत होतो. मी पुटपुटलो, "लोकांना जेवण वाढायला एवढं शिकवलं व्हय तुला?" तुपाची धार न मोडता ती म्हणाली, "अप्पा, मग आपण आत्ता काय करतोय?" समोरच्या पानावरच्या वृद्ध बाई खळखळून हसल्या. "दे की रं उत्तर! आन् हुग्गी वाढ आदी, पान कोरडं हाय माजं." मी त्यांच्या पानावर हुग्गी वाढली. मठात ज्याला मी सेवा म्हणत होतो, तेच काम माझ्या मुलीने विमानात करायचे म्हटले, की मला लाज वाटत होती. बादली रिकामी झाल्यावर मी तिला हळूच म्हणालो, "त्या विमानवाल्यांना होकार कळव." आज ती विमानाच्या नोकरीत रमली आहे आणि मी तिचा ऋणी आहे; कारण त्या दुपारी ती गप्प राहिली असती, तर ऑफिसातल्या टेबलाशी बसून, तिला अडवल्याबद्दल जन्मभर मला मुकाट्याने क्षमा करीत राहिली असती.