बाकावरचे आमदार

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तीनदा आमदार झाले. पण त्यांच्या विजारीचं बूड काही कधी शाबूत राहिलं नाही. आमच्या बाजारातला शिंपी पुढे पुढे न विचारताच तिथे दुहेरी कापड लावायचा. "साहेब, बाकीच्या पुढाऱ्यांचे खिसे फाटतात, तुमचं भलतंच फाटतं," असं तो तोंडावर म्हणायचा आणि भाऊजी हसायचे. हसण्यावारी नेणं त्यांना छान जमायचं. मला नाही जमत. माझं डोकं पटकन तापतं.

मुळात ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या, म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि संध्याकाळी घरी यायचं. राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता. ताईच्या पहिल्या बाळंतपणाला मी माझ्या भाड्याच्या जीपमधून तिला जिल्ह्याच्या गावी नेत होतो. घाट उतरून पुलापाशी आलो आणि बाळ तिथेच झालं. मुलगा होता. रडलाच नाही. भाऊजींनी त्याला अंगातल्या शर्टात गुंडाळलं आणि मला म्हणाले, "थांबू नकोस, हिला तरी पोचव." ताई वाचली.

पुढच्याच निवडणुकीला ते अपक्ष उभे राहिले. मागणी एकच, आमच्या दवाखान्यात बाळंतपणाचा वॉर्ड पाहिजे. भाषण म्हणाल तर आनंदीआनंद. व्यासपीठावर उभे राहिले की दोन वाक्यांत खाली उतरायचे. पण प्रत्येक घरातल्या सुनेची तब्येत त्यांना ठाऊक होती, आणि त्या सुनांनी नवऱ्यांना, सासऱ्यांना कुणाला न विचारता त्यांना मतं दिली. निकालाच्या दिवशी मोठमोठ्या पुढाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

आमदार झाल्यावर काम करून कसं घ्यायचं, हे काही त्यांना कुणी शिकवलं नाही. फोनवर आवाज चढवणं जमेना. मग त्यांनी आपली एक रीत काढली. ज्याचं काम असेल त्याला बरोबर घ्यायचं, त्या कचेरीत जायचं आणि साहेबाच्या दाराबाहेर लोकांसाठी जे बाक असतं त्यावर त्याच्याशेजारी बसायचं. शिपाई धावत यायचा.

"साहेब, तुम्ही आत चला ना. तुम्ही इथे कशाला?"

"यांचा नंबर लागला की येतो," भाऊजी म्हणायचे.

आमदार बाहेर ताटकळतोय म्हटल्यावर आतल्या साहेबाला चहा गोड लागेना. वॉर्ड असाच मिळाला. आरोग्य अधिकाऱ्याच्या बाकावर ते गरोदर बायकांना घेऊन इतक्या वेळा जाऊन बसले, की शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, वॉर्ड घ्या, पण हे बाक सोडा." चार खाटा आल्या, नर्स आली. ताईची मुलगी तिथेच जन्मली. मामा म्हणून मी अख्ख्या दवाखान्याला पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण हलवाई त्या दिवशी बंद होता.

लोक त्यांना 'बाकवाले आमदार' म्हणू लागले. पण माणसाला कशाचीही सवय होते. आधी अधिकारी ओशाळायचे, मग सरावले. तिसऱ्या आमदारकीत तर एकाने बाकावर त्यांच्यासाठी उशी ठेवली. भाऊजींना त्याचं कौतुक. मी म्हणालो, "अहो भाऊजी, तुम्हाला कायमचं बसवायची सोय केली त्याने!"

"अरे, चांगला माणूस आहे तो," ते म्हणाले. चांगला माणूस! त्यांना सगळीच माणसं चांगली दिसायची, आणि त्याचा मला आजही राग येतो.

मग सरकारने खेड्यापाड्यातले छोटे वॉर्ड बंद करायचं ठरवलं. खर्च परवडत नाही म्हणे. भाऊजी हादरले. त्यांनी सभागृहात त्या प्रस्तावावर दुरुस्ती मांडली, की डोंगराळ भागातले वॉर्ड चालू ठेवावेत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नशीब जोरावर होतं. सरकार काठावरच्या बहुमतावर उभं होतं, विरोधक एकजुटीने दुरुस्तीच्या बाजूने होते, सरकार पक्षाचेही दोघेतिघे भाऊजींच्या शब्दावर आले होते. मी आणि ताई त्या दिवशी राजधानीत होतो. ताईला प्रेक्षकांच्या सज्जात जागा मिळाली. मी भाऊजींबरोबर होतो.

मतदानाच्या थोडं आधी आरोग्यमंत्र्यांचा सचिव शोधत आला. "मंत्रीसाहेबांनी बोलावलंय. तुमच्या वॉर्डाचा आदेशच काढतायत. जरा बसा, आत सही चाललीय."

मंत्र्यांच्या दालनाबाहेर बाक होतं. भाऊजी बसले. मीही टेकलो. थोड्या वेळाने सभागृहाची घंटा वाजायला लागली. मतदानाची घंटा. ती थांबली की दारं बंद होतात आणि मग कुणालाही आत घेत नाहीत.

"भाऊजी, उठा."

"अरे, सही होतेय."

"मत देऊन या, मग घ्या सही."

"सही झाली तर मताचं कामच काय? आणि आता उठलो तर नंबर जाईल," ते म्हणाले. ऐकताय ना? नंबर जाईल! घंटा वाजत होती आणि हा माणूस उभ्या जन्मात जे एकदा फळलं त्यालाच चिकटून बसला होता. मी त्यांचा दंड धरून ओढलं तेव्हा सचिव बाहेर आला आणि गोड आवाजात म्हणाला, "साहेब तर मघाशीच मागच्या दाराने सभागृहात गेले. तुम्ही अजून इथेच?"

भाऊजी धावले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. आम्ही पोचलो तेव्हा घंटा थांबली होती. दारावरचा रक्षक त्यांना पहिल्या दिवसापासून ओळखत होता. त्याच्या बहिणीच्या बदलीसाठी भाऊजी कुठल्याशा बाकावर बसले होते.

"उघड रे बाबा," भाऊजी म्हणाले.

"नाही हो उघडता येत साहेब," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

मतं समसमान पडली. अध्यक्षांनी आपलं मत सरकारला दिलं आणि दुरुस्ती पडली. ताईने वरून त्यांची रिकामी खुर्ची पाहिली होती. परतीच्या वाटेवर ती त्यांना एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खाटा गेल्या, नर्स गेली, वॉर्डाला कुलूप लागलं, आणि गावातल्या सुनांच्या नशिबी पुन्हा तो घाट आला. पुढच्या निवडणुकीत भाऊजींची अनामतही गेली. ज्या सुनांनी निवडून दिलं होतं, त्यांनीच पाडलं, आणि त्यांचं काय चुकलं? विरोधक, सरकार, सगळे विसरले; गावाला एवढंच आठवत होतं की मताच्या वेळी आपला माणूस जागेवर नव्हता. भाऊजी रोज सकाळी उठून दवाखान्यापर्यंत जायचे, कुलूप बघायचे आणि परत यायचे. मी म्हणायचो, "कशाला जाता?" तर म्हणायचे, "पाय वळतात."

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचे, माझ्या भाचीचे दिवस भरत आले होते. दिलेल्या तारखेआधीच भर दुपारी कळा सुरू झाल्या. तोच घाट, तोच पूल. जीप नवी, एवढाच काय तो फरक. भाऊजी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पूल आला तेव्हा मी आरशात पाहिलं. त्यांनी अंगातल्या शर्टाची वरची दोन बटणं सोडून ठेवली होती. मी एकदम रडायला लागलो आणि तसाच गाडी हाणत राहिलो.

पोचलो. तिला आत नेलं. बाहेर बाक होतं. मी अंग टाकलं. भाऊजी दारासमोर उभे.

"बसा हो जरा."

"नको."

"पाय सुजलेत तुमचे. किती वेळ लागेल कुणास ठाऊक."

"मी बसलो की दार बंद होतं," ते म्हणाले.

दिवस कलेपर्यंत ते तिथे उभे होते. मग आतून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. नर्सने दार उघडून सांगितलं, मुलगा झाला, आई बाळ दोघं सुखरूप. मी उडीच मारली. त्यांना मिठी मारली, म्हणालो, "भाऊजी, आजोबा झालात! आता तरी बसा!"

ते बसले नाहीतच. डोळे भरले होते, पण आनंदाने नाही.

"आपल्याकडे जीप होती रे," ते म्हणाले.